जनुकाचे काम कळते तरी कसे?

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी जनुकांविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतील एका बाईंनी विचारले, "सर, अमुक जनुक मूत्रपिंड घडवते, तमुक जनुक डोळा घडवते, असे तुम्ही सांगता. पण हे तुम्हांला कळते कसे? जनुकावर त्याचे काम लिहिलेले तर नसते!"

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. मी त्या वेळी दोन-चार वाक्यांत उत्तर दिले, पण ते माझे मलाच अपुरे वाटले. पाठ्यपुस्तकात निष्कर्ष छापलेले असतात; त्या निष्कर्षापर्यंत जाण्याची वाट आणि त्या वाटेवरचे खाचखळगे मात्र क्वचितच सांगितले जातात. म्हणून या लेखात एकच अवयव घेऊ या, गर्भात घडत असलेले मूत्रपिंड, आणि त्यातील जनुकांचे काम प्रयोगशाळेत कसे शोधतात ते पाहू या.

दोन ऊतींचा संवाद

मूत्रपिंडाचे काम आपण शाळेत शिकवतो. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या म्हणजे नेफ्रॉन. माणसाच्या एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या घरात असतात. पण ही संख्या माणसागणिक खूप बदलते. नेफ्रॉन तयार होण्याचे काम मूल आईच्या पोटात असतानाच, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत संपते. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच सत्तर-ऐंशी वर्षे काढायची असतात. कमी वजनाच्या बाळांमध्ये ही शिदोरी अनेकदा अपुरी असते आणि पुढे मोठेपणी रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकारांचा धोका वाढतो. हे घडवण्याचे काम कोणती जनुके करतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाही.

मूत्रपिंडाची सुरुवात मोठी गमतीची आहे. गर्भातील एका नळीला एक छोटा अंकुर फुटतो. पुढे यातूनच मूत्रवाहिनी तयार होते, म्हणून त्याला मूत्रवाहिनीचा अंकुर म्हणू. हा अंकुर शेजारच्या सैल पेशींच्या एका पुंजक्यात शिरतो. या सैल ऊतीला मेसेनकाइम म्हणतात. आत शिरलेल्या अंकुराला फांद्या फुटू लागतात, फांद्यांना उपफांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाशी मेसेनकाइमच्या पेशी गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यातून नेफ्रॉनची नळी तयार होते. म्हणजे फांद्यांपासून मूत्र गोळा करणाऱ्या नलिका तयार होतात आणि मेसेनकाइमपासून नेफ्रॉन. उंदराच्या गर्भात हा अंकुर साधारण साडेदहाव्या दिवशी फुटतो. उंदराचा संपूर्ण गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा असतो.

बशीत वाढणारे मूत्रपिंड

आईच्या पोटात चाललेल्या या घडामोडी पाहायच्या कशा? अमेरिकेत बेथेस्डा येथे काम करणाऱ्या क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय शोधला. अकरा दिवसांच्या उंदराच्या गर्भातून त्यांनी मूत्रपिंडाचा प्रारंभिक ठिपका काढून घेतला आणि तो पोषक द्रवात ठेवला. तो तेथे वाढू लागला, अंकुराला फांद्या फुटल्या आणि नेफ्रॉनही तयार होऊ लागले.

मग त्यांनी अंकुर आणि मेसेनकाइम एकमेकांपासून वेगळे केले. वेगवेगळे ठेवले असता दोन्हींची वाढ खुंटली. पुन्हा एकत्र ठेवले तेव्हा वाढ सुरू झाली. याचा अर्थ असा, की अंकुर मेसेनकाइमला काही तरी सांगतो आणि मेसेनकाइमही अंकुराला काही तरी सांगते. आणखी एक नवल म्हणजे, अंकुराच्या जागी गर्भाच्या मज्जारज्जूचा तुकडा ठेवला तरी मेसेनकाइममध्ये नेफ्रॉनच्या नळ्या तयार झाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आजही ही पद्धत मुळात तशीच आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा तो ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी सोडवून घ्यायचा, सच्छिद्र पटलावर ठेवायचा आणि ते पटल पोषक द्रवाच्या पृष्ठभागावर जाळीच्या आधाराने टेकवायचे. खालून अन्न मिळते, वरून हवा. तापमान ३७ अंश सेल्सिअस, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. चार-पाच दिवसांत फांद्यांचे सुंदर झाड तयार होते. येथे निसर्गानेच एक सोय करून ठेवली आहे. प्रत्येक गर्भात मूत्रपिंडे दोन असतात. एकावर प्रयोग करायचा आणि त्याच गर्भातले दुसरे तुलनेसाठी तसेच ठेवायचे.

अर्थात यासाठी गाभण मादीचा जीव जातो. त्यामुळे अशा प्रयोगांना प्राण्यांविषयीच्या नैतिक समितीची परवानगी लागते आणि कमीत कमी प्राण्यांत काम भागवावे, ही जबाबदारी संशोधकावर असते.

कुळथाची मदत

बशीतले मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली करड्या डागासारखे दिसते. त्यात फांदी कोणती आणि नेफ्रॉन कोणता, हे ओळखण्यासाठी रंग वापरावे लागतात. यातील एक रंगद्रव्य आपल्या स्वयंपाकघराशी नाते सांगणारे आहे. कुळीथ किंवा हुलगा आपल्या ओळखीचा. त्याचे जुने शास्त्रीय नाव डॉलिकोस बायफ्लोरस. त्याच्या बियांत लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते. ते पेशींच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट शर्करेलाच चिकटते. ही शर्करा उंदराच्या घडत्या मूत्रपिंडात मूत्रवाहिनीच्या अंकुरावर आणि त्याच्या फांद्यांवर असते. लेक्टिनला चमकणारे रंगद्रव्य जोडून ठेवले, की अंकुराचे सारे झाड अंधारात उजळून निघते. रक्तपेढीत ए रक्तगटाचे उपप्रकार ओळखण्यासाठीही हेच प्रथिन वापरतात. मुतखड्यावर कुळथाचे कढण देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे; पण तिचा या लेक्टिनशी संबंध जोडू नये. येथे कुळीथ औषध म्हणून नव्हे, तर रंगारी म्हणून आला आहे.

शिपाईमामांची रजा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जनुकाचे काम कळते कसे? शाळेतलेच उदाहरण घेऊ. शिपाईमामा रोज काय करतात, हे आपण कधी नीट पाहिलेले नसते. ते एक दिवस रजेवर गेले, की घंटा वेळेवर वाजत नाही, पिंपात पाणी नसते, हजेरीपत्रके वर्गात पोचत नाहीत. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचे काम कळते. जनुकाचेही तसेच आहे. ते बंद पाडायचे आणि काय बिघडते ते पाहायचे.

यासाठी १९८० च्या दशकाअखेरीस 'नॉकआउट' उंदीर तयार करण्याचे तंत्र साध्य झाले. उंदराच्या भ्रूणातील मूलपेशी घ्यायच्या, त्यांतील हवे ते जनुक काढून त्या जागी त्याची मोडकी प्रत बसवायची, या पेशी दुसऱ्या भ्रूणात मिसळायच्या आणि पुढच्या पिढ्यांत मोडकी प्रत असलेले उंदीर निवडायचे. एक प्रत चांगली आणि एक मोडकी असलेल्या नर-मादीचा संकर केला, की मेंडेलच्या वाटाण्यांप्रमाणे सुमारे पाव गर्भांत दोन्ही प्रती मोडक्या येतात. या तंत्राबद्दल मारिओ कॅपेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडाच्या बाबतीत या तंत्राने फार महत्त्वाची उत्तरे दिली. लहान मुलांना मूत्रपिंडाचा एक कर्करोग होतो. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकावरून त्याला विल्म्स अर्बुद म्हणतात. सुमारे दहा हजार मुलांत एकाला तो होतो. या रोगाचा माग काढताना १९९० मध्ये अकराव्या गुणसूत्रावरील एक जनुक हाती लागले. त्याचे नाव डब्ल्यूटी-१. काही रुग्णांत, साधारण दहा ते वीस टक्क्यांत, ते बिघडलेले असते. निरोगी मूत्रपिंडात त्याचे काम काय असावे?

१९९३ मध्ये जॉर्डन क्रिडबर्ग आणि सहकाऱ्यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्या गर्भांत मूत्रपिंडे मुळी तयारच झाली नाहीत. अंकुर फुटला नाही आणि मेसेनकाइमच्या पेशी मरून गेल्या. दोष अंकुरात की मेसेनकाइममध्ये? येथे ग्रोबस्टीन यांची युक्ती कामी आली. सदोष मेसेनकाइम बशीत मज्जारज्जूच्या तुकड्याशेजारी ठेवले. नेहमीचे मेसेनकाइम अशा वेळी नळ्या तयार करते; याने काहीच केले नाही. म्हणजे संदेश मिळत होता, पण तो ऐकण्याची ताकदच नव्हती.

उत्तर चांगले, पण त्यातूनच एक अडचण उभी राहिली. शिपाईमामा सकाळपासूनच आले नाहीत आणि शाळेचे फाटकच उघडले नाही, तर दुपारी घंटा कोण वाजवतो, हे कसे कळणार? डब्ल्यूटी-१ नसेल तर मेसेनकाइम सुरुवातीलाच मरते. हे जनुक पुढे नेफ्रॉन घडतानाही चालू असते. तेथे ते काय करते, हे अशा उंदरात पाहायची सोयच उरली नाही. आणि कर्करोगाच्या दृष्टीने नेमका तोच टप्पा महत्त्वाचा होता.

संदेश अडवण्याची युक्ती, आणि एक ठेच

जनुकाला हात न लावता त्याचा संदेश अडवता येईल का? जनुकातील माहिती आधी संदेशवाहक आरएनएमध्ये उतरते आणि त्यावरून प्रथिन तयार होते. या संदेशाला पूरक असा डीएनएचा छोटा तुकडा पेशीत सोडला, तर तो संदेशाला चिकटतो आणि प्रथिन तयार होणे थांबते. अशा तुकड्यांना 'अँटिसेन्स' म्हणतात. बशीतल्या मूत्रपिंडासाठी ही युक्ती सोयीची वाटली. तुकडे द्रवात मिसळायचे, तेही हव्या त्या दिवशी. १९९३ मध्ये पॅक्स-२ नावाच्या जनुकाचा संदेश असा अडवला गेला, तेव्हा मेसेनकाइमपासून नळ्या तयार होणे थांबले. पुढे १९९५ मध्ये पॅक्स-२ चे नॉकआउट उंदीर तयार झाले आणि त्यांनाही मूत्रपिंडे नव्हती. दोन पद्धतींनी एकमेकींना दुजोरा दिला.

पण दरवेळी असे झाले नाही. १९९१ मध्ये याच पद्धतीने एक निष्कर्ष काढण्यात आला होता, की चेतावर्धक घटकाचा पी-७५ नावाचा ग्राहक मूत्रपिंडाच्या घडणीला आवश्यक आहे. अँटिसेन्स तुकडे घातले की बशीतली वाढ थांबत होती. पुढच्याच वर्षी पी-७५ चे जनुक मोडलेले उंदीर तयार झाले. ते जन्मले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. दोष आढळला तो संवेदी चेतांमध्ये. मूत्रपिंडाशिवाय कोणताही उंदीर मोठा होऊन पिल्लांना जन्म देणार नाही, हे उघड आहे.

मग चूक कोठे झाली असावी? शिपाईमामांना अडवण्यासाठी आपण फाटकावर मोठा गोंधळ घातला आणि त्यामुळे शाळा बंद पडली, तर मामांविना शाळा चालत नाही, असे म्हणता येईल का? अँटिसेन्स तुकडे पेशींना विषारी ठरू शकतात किंवा भलत्याच संदेशालाही चिकटू शकतात. उलट बाजूही विचारात घ्यावी लागते. नॉकआउट उंदरात एका जनुकाची उणीव सुरुवातीपासून असते, तेव्हा दुसरे जनुक त्याचे काम सांभाळून घेऊ शकते. म्हणून दोन पद्धतींची उत्तरे जुळली नाहीत, तर एकीला खोटे ठरवून मोकळे होता येत नाही. ती का जुळली नाहीत, हे नव्या प्रयोगांनी शोधावे लागते.

त्याच जनुकाला दोनदा विचारलेला प्रश्न

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दाखवले, की दुहेरी धाग्याचा आरएनए घातला तर पेशी स्वतःच त्या अनुक्रमाचा संदेश नष्ट करते. या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांच्या पेशीत लांब दुहेरी आरएनए घातला, की पेशीला विषाणू आल्यासारखे वाटते आणि तिचे सारेच काम थांबते. २००१ मध्ये असे आढळले, की सुमारे एकवीस अक्षरांचे छोटे तुकडे वापरले तर हा गोंधळ टळतो. यांनाच एसआय-आरएनए म्हणतात.

२००४ मध्ये एडिंबरा येथील जेमी डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी हे तुकडे बशीत वाढणाऱ्या मूत्रपिंडात पोचवले आणि डब्ल्यूटी-१ लाच पुन्हा प्रश्न विचारला. या वेळी जनुक गप्प करण्याची वेळ त्यांच्या हातात होती. अगदी सुरुवातीला गप्प केले, तेव्हा चित्र नॉकआउट उंदरासारखे दिसले. हीच या पद्धतीची पहिली परीक्षा होती, कारण उत्तर आधी ठाऊक होते. सुरुवातीचा टप्पा पार पडू देऊन नंतर गप्प केले, तेव्हा मेसेनकाइम मेले नाही. पण त्यातून नेफ्रॉन घडले नाहीत. म्हणजे एकच जनुक दोन वेळी दोन कामे करते: आधी पेशींना जगवते, नंतर त्यांना नेफ्रॉन होण्याच्या वाटेला लावते. विल्म्स अर्बुदात नेमक्या अशा अर्धवट घडलेल्या, नेफ्रॉन होता होता राहून गेलेल्या पेशी विभाजित होत राहतात. मुलांच्या या कर्करोगाचे मूळ गर्भातल्या अपुऱ्या राहिलेल्या घडणीत आहे, ही गोष्ट अशा प्रयोगांनी अधिक स्पष्ट झाली.

पण यातही कंट्रोल म्हणजे तुलनेचे प्रयोग काटेकोर लागतात. अक्षरे तीच पण क्रम विस्कटलेला असा तुकडा घालून काही होत नाही ना, हे पाहायचे. त्याच जनुकाविरुद्ध दुसरा, वेगळ्या जागी चिकटणारा तुकडा घालून तोच परिणाम मिळतो का, हे तपासायचे. प्रथिन खरोखर कमी झाले का, हे मोजायचे. यातील एकही पायरी गाळली, तर १९९१ सारखी ठेच लागू शकते.

बदली शिपाई आणि उलट परीक्षा

शाळेत दोन-तीन शिपाई असले तर एकाच्या रजेने काहीच अडत नाही. म्हणून तो काम करत नव्हता असे ठरत नाही. हॉक्स-११ गटातील जनुकांचे असेच आहे. उंदरात हॉक्स-ए-११ किंवा हॉक्स-डी-११ यांपैकी एकच मोडले, तर मूत्रपिंड जवळजवळ नेहमीसारखे घडते. दोन्ही मोडली, की ते फार लहान राहते. सी-११ धरून तिन्ही मोडली, तेव्हा मूत्रपिंडाचा अंकुरही फुटला नाही, असे २००२ मध्ये दिसून आले.

आणखी एक परीक्षा उलट बाजूने घेतात: एखादी गोष्ट काढून न पाहता जादा देऊन पाहायची. मेसेनकाइम जीडीएनएफ नावाचे प्रथिन स्रवते. १९९६ मध्ये तीन संशोधक गटांनी दाखवले, की त्याचे जनुक नसलेल्या उंदरांत मूत्रपिंडे घडत नाहीत. लगेच दुसऱ्या वर्षी हेलसिंकीच्या संशोधकांनी या प्रथिनात भिजवलेले इवलेसे मणी बशीतल्या ऊतीवर ठेवले, तर मण्याजवळ जादा अंकुर फुटले. काढले तर अंकुर नाही, दिले तर नवा अंकुर. आवश्यकता आणि पुरेसेपणा अशा दोन्ही बाजू तपासल्या, की निष्कर्ष पक्का होतो.

माणसाचे काय?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलिसा लिटल यांच्या गटाने माणसाच्या सामान्य पेशींपासून तयार केलेल्या मूलपेशींतून मूत्रपिंडासारखी छोटी ऊती बशीत वाढवली. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने अशा ऊतीतील, मूत्रपिंडात गाठी होण्याच्या आनुवंशिक रोगाशी संबंधित जनुके मोडली आणि बशीतच द्रवाने भरलेल्या गाठी तयार होताना पाहिल्या. मात्र या ऊतीतून रक्त वाहत नाही, मूत्र बाहेर जायला वाट नाही, आणि ती गर्भावस्थेतल्यासारखी अपक्व असते. रुग्णाला बसवता येईल असे मूत्रपिंड अजून दूर आहे.

वर्गात काय सांगावे?

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. जनुकाचे काम त्याला गप्प करून कळते. पण ते कधी गप्प केले, कसे केले आणि त्याचा बदली हजर होता का, हे विचारल्याशिवाय उत्तर स्वीकारायचे नसते. हे वर्गात शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. कुंडीतल्या रोपाला पाणी देणे थांबवले आणि ते वाळले, तर ते पाण्याअभावीच वाळले कशावरून? त्याच दिवशी कुंडी उन्हात हलवली होती का? शेजारी तुलनेसाठी दुसरे रोप ठेवले होते का? 'हे कशावरून?' असे विचारणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. वेळ नाही म्हणून आपण त्याला गप्प बसवतो. त्याला गप्प केल्याने काय बिघडते, हे पाहायला मात्र बरीच वर्षे जावी लागतात.